मागेल त्याला मार्गदर्शक

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या रकान्यांतून आणि घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. संगणक शाखेच्या जागा यंदा किती वाढल्या, कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर बंद झाली, मागील वर्षी कोणाला किती लाखांची नोकरी मिळाली, याचे हिशेब मांडले जातात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी दाखवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली आणि या चर्चेला अधिकच उधाण आले. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. संगणकशास्त्र शिकण्यासाठी तीन-चार वर्षे महाविद्यालयात घालवणाऱ्या या मुलामुलींपैकी किती जणांना, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असा एखादा प्रश्न हाती घेऊन, कोणा जाणत्या माणसाच्या शेजारी बसून काही महिने काम करण्याची संधी मिळते?

पदवीच्या पातळीवरील विद्यार्थ्यांना मिळणारे संशोधन-मार्गदर्शन हा विषय प्रथमदर्शनी मूठभर हुशार मुलांच्या सोयीचा वाटेल. पाणी, रेशन, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे वेतन असे प्रश्न दारात उभे असताना कार्यकर्त्यांनी याकडे का पाहावे, अशी शंकाही कोणी घेईल. परंतु ज्ञान निर्माण करण्याचा अधिकार कोणाला आणि ते केवळ वापरण्याचे काम कोणाला, ही विभागणी समाजातील इतर कोणत्याही विभागणीइतकीच जुनी आहे आणि संगणकाच्या युगात ती नव्याने पक्की होत आहे. म्हणून हा समतेचा प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे.

मार्गदर्शन म्हणजे काय?

संशोधन हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी जो प्रकल्प सादर करतात, त्याला सामान्यतः संशोधन म्हणता येत नाही. तयार प्रकल्प, त्याचा अहवाल आणि तोंडी परीक्षेत द्यावयाची उत्तरे ठराविक रकमेत विकणारी दुकाने आपल्या शहरांतून उघडपणे चालतात, आणि हे विद्यार्थी, शिक्षक व परीक्षक या तिघांनाही ठाऊक असते. दोष केवळ विद्यार्थ्याच्या नीतिमत्तेचा नाही. ज्याला प्रश्न कसा निवडावा हे कोणी दाखवलेच नाही, तो उत्तर विकत घेणार, हे ओघानेच आले.

खऱ्या मार्गदर्शनाची रीत साधी असते. विद्यार्थ्याने आधी एखादा प्रसिद्ध शोधनिबंध नीट वाचायचा. त्यातील निष्कर्ष आपल्या यंत्रावर पुन्हा काढून पाहायचा. तो बहुधा जसाच्या तसा निघत नाही, आणि का निघत नाही याचा शोध घेताना पहिला खरा प्रश्न हाती लागतो. मग दर आठवड्याला मार्गदर्शकापुढे बसून काय केले, काय फसले, पुढे काय करायचे हे मांडायचे. फसलेल्या प्रयोगाचीही वहीत नोंद ठेवायची. शेवटी जे हाती आले ते, थोडे का असेना, दुसऱ्याला तपासता येईल अशा भाषेत लिहायचे. यासाठी असामान्य प्रतिभा लागत नाही. आठवड्याचा एक तास मोकळा असलेला आणि स्वतः कधी तरी या वाटेने गेलेला एक शिक्षक लागतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत दुष्काळ आहे तो याच गोष्टीचा.

कानपूरचा दाखला

पदवीच्या मुलांना संशोधन झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एक घटना अवश्य अभ्यासावी. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे ओळखण्याचा प्रश्न गणितात फार जुना. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यासाठी जलद पद्धती उपलब्ध होत्या. परंतु त्यांपैकी काहींत चुकीची अल्पशी शक्यता उरत असे, तर काही पद्धती सिद्ध न झालेल्या गृहीतकांवर उभ्या होत्या. जलद आणि तितकीच निःसंशय अशी सर्वसाधारण पद्धत कोणाला सापडली नव्हती. ऑगस्ट २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी ती जगापुढे ठेवली. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते, आणि या शोधाची पायाभरणी त्यांच्या बी.टेक.च्या प्रकल्पात झाली होती. २००६ मध्ये या कार्याला सैद्धान्तिक संगणकशास्त्रातील अत्यंत मानाचे गोडेल पारितोषिक मिळाले.

ही कथा आपल्याकडे दोन बुद्धिमान तरुणांच्या चमत्काराची म्हणून सांगितली जाते. तिचा खरा अर्थ तिच्या पूर्वपीठिकेत आहे. १९९९ मध्ये अग्रवाल आणि सोमनाथ बिस्वास यांनी या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी दिशा मांडली. हे बिस्वास अग्रवाल यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. पुढे २००१ मध्ये बी.टेक.च्या दुसऱ्याच दोन विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पात त्या दिशेने जाऊन एक अनुमान बांधले. ते सिद्ध झाले नाही. परंतु पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी काम सुरू केले ते तेथूनच. म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आणि एका वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे एकच प्रश्न हस्तांतरित होत राहिला. ज्यांचे अनुमान अपुरे राहिले, त्यांच्या कामावाचून पुढच्यांना वाट सापडली असती का, हे सांगणे कठीण आहे. शोध लागला तो या परंपरेत, आणि ही परंपरा जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या एका सार्वजनिक संस्थेत, कायम नोकरी आणि चिंतनाला अवकाश असलेल्या शिक्षकांमुळे टिकली.

अमेरिकेतही हे काम केवळ गुणवंतांच्या नशिबावर सोडलेले नव्हते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९६९ मध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याची रीतसर योजना सुरू केली. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८७ पासून करदात्यांच्या पैशातून अशा विद्यार्थ्यांना विद्यावेतन देणारा कार्यक्रम चालवला, आणि ज्यांच्या स्वतःच्या महाविद्यालयांत संशोधनाची सोय नाही अशा विद्यार्थ्यांना सामावून घेण्यावर त्यात भर राहिला. खाजगी उद्योगाचा जयजयकार करणाऱ्या देशालाही हे काम बाजारावर सोपवता आले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आमच्याकडील स्थिती

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तंत्रशिक्षण तालुक्यापर्यंत पोहोचले ही त्या निर्णयाची जमेची बाजू आहे आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्या निर्णयाबरोबर महाविद्यालयाचे अर्थशास्त्रही बदलले. उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येणार, आणि खर्चातील सर्वांत मोठी बाब शिक्षकांचे वेतन. तेव्हा संस्थाचालकाच्या दृष्टीने बचतीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कमी शिक्षक, कमी वेतन आणि अधिक तास. इमारत आणि संगणककक्ष तपासणीत दिसतात. शिक्षकाने एका विद्यार्थ्याबरोबर घालवलेला तास कोणत्याही तपासणीत दिसत नाही. ज्याची नोंद होत नाही ते काम पहिल्याने बंद पडते.

अनुदानित महाविद्यालयांची कथा याहून फारशी निराळी राहिलेली नाही. तेथे रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुणांकडून वर्ग चालवून घेतले जातात. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. सुट्टीत वेतन नाही, पुढील वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नाही. त्यांतील कित्येक जण पीएच.डी. झालेले आहेत आणि मार्गदर्शनाची उत्तम पात्रता बाळगून आहेत. परंतु जो दोन महाविद्यालयांच्या तासांमध्ये एस.टी.ने धावपळ करतो, त्याने विद्यार्थ्याच्या फसलेल्या प्रयोगावर तासभर विचार करावा अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे रोजंदारीच्या मजुराकडून देणगी मागण्यासारखे आहे.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांतील सुमारे ७९ टक्के पदवीच्या पातळीवर होते, तर पीएच.डी. करणाऱ्यांची संख्या २ लाख १२ हजार होती. संशोधनाला मिळणारे आपले बहुतेक साहाय्य या दुसऱ्या, चिमुकल्या गटापासून सुरू होते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्त्या दिल्या, त्यामुळे वंचित समाजांतील अनेक तरुण संशोधनाकडे वळले, हे मोलाचेच आहे. परंतु शिडीच्या वरच्या पायरीवर हात देणारा कोणी असला तरी खालच्या पायऱ्याच नसतील, तर वर पोहोचणार कोण? ज्याच्या घरात आजवर कोणी संशोधक पाहिलेला नाही, त्या मुलाला संशोधन ही आपल्याला शक्य असलेली गोष्ट आहे, हे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळावे लागते. पुढे घरची निकड त्याला नोकरीकडे ओढते आणि तो दरवाजा कायमचा बंद होतो.

मुलींच्या बाबतीत ही पायरी अधिकच निसरडी आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण संध्याकाळी सातला वसतिगृहाचे दार बंद होते, सुट्टी लागताच मुलीला घरी बोलावले जाते, आणि प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबून होणारी चर्चा मुलांपुरतीच राहते. शुल्कमाफीने वर्गात जागा मिळते. मार्गदर्शकाच्या टेबलाजवळ जागा मिळण्यासाठी आणखी काही करावे लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला आणि चौथ्या वर्षी संशोधनाचा स्वतंत्र पर्याय ठेवला. परंतु तो कोणाला? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना. ज्या परीक्षा पाठांतर मोजतात त्यांच्याच गुणांवर संशोधनाची पात्रता ठरवणे ही चाळणीच चुकीची आहे. शिवाय चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे शुल्क, खोलीभाडे, खानावळ. ज्याला हे परवडत नाही तो तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडणार. जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या या भारतीय शिक्षणाच्या हाती न लागणाऱ्या त्रिकोणावर पुस्तक लिहिले. अर्धशतकानंतर संख्या वाढली, गुणवत्तेची बेटे तयार झाली, आणि समतेचा कोन तसाच उघडा राहिला.

पुण्यातील एक प्रयोग

तथापि केवळ निराशेचा सूर लावण्याचे कारण नाही. पुण्यात एलथ्रीक्यूब या नावाने चालणाऱ्या मार्गदर्शन-उपक्रमाचे उदाहरण येथे देणे उचित होईल. या उपक्रमात अभियांत्रिकीच्या पदवी-विद्यार्थ्यांनी उद्योगातील अनुभवी संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली मराठी भाषेसाठी संगणकीय साधने तयार केली. २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्वीट एकेक वाचून त्यांतील भाव अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे नोंदवले आणि तो संग्रह सर्वांना खुला केला. पुढे २५ हजार मराठी वाक्यांतील व्यक्ती, स्थळे, संस्था आदींची नावे हाताने अंकित केली. मराठी मजकुराचा मोठा संचय जमवून त्यावर भाषेचे प्रारूपही घडवले. त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाले, आणि मराठीवर काम करणारे अभ्यासक ही साधने वापरतात.

या प्रयोगातून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, पदवीचे सामान्य विद्यार्थी उपयुक्त संशोधन करू शकतात. दुसरी, संगणकशास्त्रात त्यासाठी रसायनशास्त्रासारखी खर्चिक प्रयोगशाळा उभारावी लागत नाही. चिकाटी, एक बऱ्यापैकी यंत्र आणि नियमित मार्गदर्शन यांवर बरेच साधते. तिसरी, मराठीसारख्या भाषेचे प्रश्न परदेशातील बलाढ्य कंपन्यांच्या सवडीची वाट न पाहता येथील मुले हाती घेऊ शकतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचा आनंद आपण साजरा केला. त्या दर्जाला व्यवहारात अर्थ येईल तो अशा कष्टाच्या कामातून.

परंतु हा उपक्रम पुण्यात आहे, हेही विसरता येत नाही. पुण्यात उद्योग आहेत, संशोधनसंस्था आहेत, ओळखीपाळखी आहेत. धुळ्याच्या विद्यार्थिनीला अहिराणी बोलणारे यंत्र घडवावेसे वाटले, परभणीच्या मुलाला कापसावरील रोग छायाचित्रावरून ओळखण्याचा प्रश्न हाती घ्यावासा वाटला, तर त्यांनी कोणाच्या दारात जावे? मार्गदर्शन आज मिळते ते इंग्रजीत सफाईदार पत्र लिहिता येण्यावर आणि कोणाचा तरी कोणी ओळखीचा असण्यावर. जात, वर्ग आणि शहर यांनी आखलेल्या रेषांच्या आतच या ओळखी फिरत राहतात.

फुकटची उमेदवारी

या पोकळीत आता बाजार शिरला आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी शोधनिबंध उपयोगी पडतो हे हेरून घसघशीत शुल्क घेऊन मार्गदर्शक पुरवणारे व्यवसाय उभे राहिले आहेत. दुसऱ्या टोकाला, प्रशिक्षणार्थी म्हणून घेऊन विनावेतन काम करवून घेणारे आणि प्रमाणपत्रासाठी उलट विद्यार्थ्याकडूनच पैसे घेणारेही आहेत. पहिल्या प्रकारात धनिकाचा मुलगा संशोधक ठरतो, दुसऱ्या प्रकारात गरिबाचा मुलगा बिगारी.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक विसंगती खटकल्यावाचून राहत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात शिकणाऱ्या फिटर-टर्नरला विद्यावेतन मिळण्याचा हक्क आहे. शिकणाराही श्रम करतो आणि त्या श्रमाला मोल आहे, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. मग हजारो वाक्ये वाचून संग्रह तयार करणाऱ्या, रात्रभर बसून प्रयोग चालवणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम श्रम नव्हेत काय? देशातील विज्ञान अकादमींची उन्हाळी अधिछात्रवृत्ती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत-विद्यार्थी कार्यक्रम अशा काही योजनांत विद्यावेतन मिळते. पण त्या जागा मोजक्या, आणि निवड होते ती बहुधा नामांकित महाविद्यालयांतून. विद्यावेतनाविना मार्गदर्शनाची योजना आखली, तर सुट्टीत शेतावर किंवा दुकानात काम करून पुढील वर्षाचे पैसे जमवणारा विद्यार्थी तीतून आपोआप गळतो. कोणी त्याला वगळलेले नसते आणि तरीही तो वगळला जातो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मुलांचा पाया कच्चा आहे. आधी शिकू द्या, संशोधन मागाहून. यातील अर्धे सत्य मान्य केले पाहिजे. परंतु पाया पक्का होतो तो कशाने? अर्थशास्त्राच्या वर्गात निर्देशांकाची व्याख्या वर्षभर घोकूनही न समजलेल्या मुलांना आठवडी बाजारात पाठवून भाव टिपायला लावले की ती व्याख्या आठ दिवसांत समजते, हा माझा अध्यापनातील अनुभव आहे. संगणकशास्त्रातही वेगळे काही घडत नसावे.

दुसरा आक्षेप, मुलांना नोकरी हवी आहे, संशोधन नको. नोकरीची निकड खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला नाही. परंतु ज्या ठरीव कामांवर आजवर हजारो तरुणांना पहिली नोकरी मिळत होती, ती कामे आता यंत्रेच करू लागली आहेत. सांगितलेली आज्ञावली लिहून देणाऱ्याची गरज घटत जाईल. यंत्राने दिलेले उत्तर चूक की बरोबर हे तपासणारा, आणि मुळात काय विचारायचे ते ठरवणारा माणूस लागेल. संशोधनाची शिस्त हेच शिकवते. ती आयुष्यभर संशोधक होण्यासाठीच हवी असे नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचा थोडा हिशेब मांडू. राज्यातील १० हजार विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातील दोन महिने दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन द्यावयाचे ठरवले, तर खर्च २० कोटी रुपये येतो. दर चार विद्यार्थ्यांमागे एक याप्रमाणे अडीच हजार मार्गदर्शकांना प्रत्येकी २० हजार रुपये मानधन दिले, तर आणखी ५ कोटी. एकूण २५ कोटी. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या एक टक्क्याचा पाव हिस्साही ही रक्कम भरत नाही. यंत्रांसाठी हजारो कोटी आणि त्या यंत्रांपुढे बसून विचार करणाऱ्या माणसांसाठी काही नाही, हा प्राधान्यक्रम कोणत्या नियोजनशास्त्रात बसतो?

रोजगार हमीचा धडा

महाराष्ट्राने देशाला एक मोठी कल्पना दिली आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा संमत झाला. मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, ही भूमिका शासनाने स्वीकारली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार थोडा उचलावा, हे त्यामागील तत्त्व होते. त्याच धर्तीवर, शिकण्याची इच्छा आणि चिकाटी दाखवील त्या प्रत्येक पदवी-विद्यार्थ्याला मार्गदर्शक मिळालाच पाहिजे, अशी हमी राज्याने द्यावी, अशी माझी सूचना आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या संगणक-उद्योगाला या राज्यातील महाविद्यालयांनी मनुष्यबळ पुरवले, त्याच्याकडून यासाठी अल्पसा उपकर घेणे अन्यायाचे ठरणार नाही.

योजनेची रूपरेषा तपशिलात बदलू शकेल. परंतु काही गोष्टी अपरिहार्य आहेत. निवड केवळ टक्केवारीवर न होता विद्यार्थ्याने लिहिलेला प्रश्न आणि त्याच्याशी झालेला संवाद यांवर व्हावी. प्रत्येक जिल्ह्याला जागांचा निश्चित वाटा असावा. राज्यातील प्रत्येक सार्वजनिक संशोधनसंस्थेने आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने तालुक्यांतील काही महाविद्यालयांची जबाबदारी घ्यावी. तेथील शिक्षक आणि संस्थेतील संशोधक यांनी मिळून विद्यार्थ्याला मार्गदर्शन करावे, म्हणजे शिक्षकही त्या कामात तयार होईल. मार्गदर्शनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले जावेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्यांचा पूर्ण मोबदला मिळावा. रिक्त जागा कायम स्वरूपात भरणे ही तर याची पूर्वअट आहे. चर्चा मराठीत करण्याची पूर्ण मुभा असावी. शोधनिबंध इंग्रजीत लिहावा लागला तरी विचार इंग्रजीतच झाला पाहिजे, अशी सक्ती नको. केंद्राने जानेवारी २०२५ पासून संशोधनपत्रिकांच्या सामूहिक वर्गणीची जी योजना सुरू केली, ती केंद्र व राज्य शासनांनी चालवलेल्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी होती; विनाअनुदान महाविद्यालयातील गरीब विद्यार्थ्यालाही सार्वजनिक ग्रंथालयामार्फत तो लाभ मिळावा.

रोजगार हमीने दुसरा धडाही दिला आहे. जेथे देखरेख ढिली होती तेथे हजेरीपटावर खोटी नावे चढली आणि कागदावर तलाव खोदले गेले. संशोधनाच्या क्षेत्रात कागदी तलाव खोदणे त्याहून सोपे आहे. शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची मोजदाद सुरू झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे कसे पीक आले, ते आपण पाहिले आहे. म्हणून या योजनेत निबंधांची संख्या मोजूच नये. विद्यार्थ्याची वही, खुल्या सभेत केलेले निवेदन आणि कोणालाही तपासता येईल अशी साधनसामग्री एवढाच पुरावा ग्राह्य धरावा. प्रयोग फसला तरी तो प्रामाणिकपणे मांडला असेल, तर काम पूर्ण झाले असे मानावे. आणि ज्याने काम केले त्याचे नाव प्रथम यावे. विभागप्रमुखाचे नाव मानपान म्हणून घालण्याची प्रथा बंद व्हावी.

आपले काम

शासन हे सारे आपणहून करील, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. विद्यार्थी संघटना आणि प्राध्यापक संघटना यांनी आपल्या मागण्यांच्या यादीत शुल्क आणि वेतन यांच्या जोडीने हा विषय घेतला पाहिजे. परंतु मागणीपत्रापलीकडेही एक काम कार्यकर्त्यांना करता येईल, आणि ते त्यांच्याच हातचे आहे: प्रश्न पुरवण्याचे.

आपल्याजवळ प्रश्नांचा तोटा नाही. राबून बोटांचे ठसे पुसट झालेल्या म्हाताऱ्या मजुराला रेशन दुकानातील यंत्र ओळखत नाही. हे किती वेळा घडते आणि का? जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर हजेरी मोबाइलवरील छायाचित्राने घेण्याची सक्ती झाली. ज्या पाड्यावर संपर्कच मिळत नव्हता तेथील मजुरांच्या मजुरीचे काय झाले? ऑनलाइन सातबाऱ्यातील नावांच्या चुका कोणत्या प्रकारच्या असतात, त्या आपोआप शोधता येतील काय? पीकविम्याचा अर्ज वऱ्हाडीत बोलून भरता येईल काय? हे सारे संगणकशास्त्राचे अस्सल प्रश्न आहेत आणि ते परदेशातील कोणा प्राध्यापकाला सुचण्याची शक्यता नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात संगणक शिकणारी मुले आणि हे प्रश्न रोज अंगावर झेलणारी माणसे एकाच गावात राहतात. त्यांची गाठ घालून देणारा कोणी नसतो. आपले कार्यकर्ते हे काम करू शकतात. त्यासाठी त्यांना आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी विचारले होते ते हेच की, शिक्षणावरचा पैसा कष्टकऱ्यांच्या करातून येतो, तर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते? आज संगणकाच्या एका कळीवर रेशन थांबते आणि एका कळीवर अनुदान जमा होते. ती कळ कशी चालते हे समजणारी, ती चुकते तेव्हा पुराव्यानिशी दाखवून देणारी मुले कष्टकऱ्यांच्या घरांतून तयार व्हावयाची असतील, तर त्यांना पदवीच्या वर्षांतच जाणत्यांची संगत मिळाली पाहिजे. पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील साथींनी निदान एका महाविद्यालयात, एका शिक्षकाला आणि चार विद्यार्थ्यांना घेऊन अशी एक बैठक सुरू करून पाहावी. हमीच्या मागणीला बळ येईल ते अशा बैठकांतून झालेल्या कामामुळे.